वार्प प्रवासाचा दावा स्वतः कसा पारखावा

‘वार्प ड्राइव्ह अखेर शक्य’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून प्रसिद्ध होत असते (वार्प ड्राइव्ह म्हणजे यानाभोवतीचा अवकाशकाल, म्हणजेच अवकाश आणि काळ यांचा एकत्रित पट, वाकवून प्रवास करण्याची कल्पना), आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा खरा, तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध असतो. म्हणजे बातमी निराधार नसते. मात्र निबंधात जे सिद्ध केलेले असते आणि मथळ्यात जे सांगितलेले असते, त्या दोहोंमध्ये फार मोठे अंतर पडलेले असते. हे अंतर ओळखण्यासाठी व्यापक सापेक्षता सिद्धांताचे पदव्युत्तर शिक्षण लागतेच असे नाही. कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे ठाऊक असले आणि बारावीच्या विज्ञानाइतके गणित हाताशी असले, तर चिकाटीचा कोणताही वाचक अशा दाव्याचे मूल्यमापन स्वतः करू शकतो. ते कसे करायचे, हे पुढे मांडले आहे.

समीकरण कोणत्या दिशेने सोडवले आहे, हे आधी पाहा

आइनस्टाइनच्या क्षेत्रसमीकरणांना दोन बाजू आहेत. एका बाजूला अवकाशकालाची वक्रता असते आणि दुसऱ्या बाजूला त्यातील द्रव्य, ऊर्जा, दाब आणि संवेग यांची मांडणी असते. नेहमीच्या वापरात द्रव्य कोणते आहे हे ठाऊक असते आणि त्यावरून वक्रता काढली जाते. ग्रहांच्या कक्षा आणि कृष्णविवरे यांचा अभ्यास असाच होत आला आहे. वार्पविषयक संशोधनात मात्र दिशा उलटी असते. तेथे हवी असलेली भूमिती आधी लिहून घेतात आणि ती अस्तित्वात यायची तर कोणत्या प्रकारचे द्रव्य लागेल, हे समीकरणातून वाचून काढतात. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या छोट्याशा निबंधात नेमके हेच केले होते. यानाभोवती अवकाशकालाचा एक बुडबुडा कल्पायचा, त्याच्या पुढील बाजूस अवकाश आकुंचन पावेल आणि मागील बाजूस प्रसरण पावेल अशी भूमिती लिहायची, आणि मग हिशेब करायचा, असा तो मार्ग होता.

म्हणून ‘हे आइनस्टाइनच्या समीकरणांचे उत्तर आहे’ हे वाक्य वाचून थांबू नये. उलट्या दिशेने गेल्यास कोणतीही सुसंगत, गुळगुळीत भूमिती या समीकरणांचे उत्तर ठरतेच, कारण दुसऱ्या बाजूला जे काही येईल त्याला ‘आवश्यक द्रव्य’ असे नाव देता येते. घराचा कोणताही आराखडा कागदावर काढता येतो, परंतु तो उभारण्यासाठी शून्यापेक्षा कमी वजनाच्या विटा लागणार असतील, तर वाद आराखड्याचा न राहता विटांचा होतो. वार्पच्या शक्यतेचा सगळा प्रश्न या विटांपाशी येऊन ठेपतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि वाचकाने आपले लक्ष शेवटपर्यंत तेथेच ठेवावे.

वेग कशाच्या तुलनेत सांगितला आहे

‘प्रकाशाहून वेगवान’ या शब्दांवर अनेक जण तेथल्या तेथे आक्षेप घेतात, पण तो आक्षेप घाईचा आहे. सापेक्षता सिद्धांत असे सांगतो की एखाद्या ठिकाणी, तेथल्या प्रकाशाशी तुलना करता, कोणतीही वस्तू प्रकाशाला मागे टाकू शकत नाही. दूरच्या दोन ठिकाणांमधील अंतर किती वेगाने वाढावे किंवा घटावे, यावर तशी मर्यादा नाही. विश्वाच्या प्रसरणामुळे सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडील दीर्घिका आपल्यापासून प्रकाशवेगाहून अधिक वेगाने दूर जात आहेत आणि त्यात कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. अल्कुबिएरे यांच्या बुडबुड्यातही यान आतल्या जवळपास सपाट अवकाशात मुक्त पतनाच्या अवस्थेत असते, त्याला धक्का जाणवत नाही, त्याचे घड्याळ पृथ्वीवरील घड्याळाशी जुळत राहते, आणि त्याच्या शेजारून सोडलेला प्रकाशकिरण त्याच्यापुढेच जातो.

हेतू काय आहे हेही ध्यानात असावे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर १ इतक्या वेगाने तेथे जायचे म्हटले तर सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. प्रकाशाच्या दहापट वेगाचा बुडबुडा हेच अंतर सुमारे पाच महिन्यांत कापेल. दावा वाचताना त्यातील बुडबुड्याचा वेग प्रकाशाहून कमी आहे की अधिक, हे पहिल्याच वाचनात शोधून समासात लिहून ठेवावे, कारण पुढे सांगितल्याप्रमाणे अलीकडच्या काही चांगल्या निबंधांचे सारे मर्म या एका गोष्टीत दडलेले आहे.

ऊर्जेचा अंदाज स्वतः काढा

हा भाग मन लावून करण्यासारखा आहे, कारण एकदा आपल्या हाताने आकडा काढला की मथळ्यांची मोहिनी उरत नाही आणि विषयाची गोडी मात्र वाढते. अल्कुबिएरे यांच्या भूमितीत ऊर्जेची घनता बुडबुड्याच्या मध्यभागी, म्हणजे यानापाशी, शून्य असते आणि ती सगळी बुडबुड्याच्या भिंतीत एकवटलेली असते. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, भिंत जितकी पातळ तितकी अधिक तीव्र होते, आणि तिचे चिन्ह ऋण असते. त्या ऋण चिन्हाकडे नंतर वळू; आधी केवळ परिमाण पाहू.

बुडबुड्याची त्रिज्या मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा. त्याला भिंतीच्या मीटरमधील जाडीने भागावे. आलेल्या संख्येला वेगाच्या वर्गाने गुणावे. येथे प्रकाशाचा वेग १ मानायचा आहे. शेवटी १२ ने भागावे. पातळ भिंतीच्या बुडबुड्यासाठी उत्तर मीटर या एककात येते, कारण व्यापक सापेक्षतेत वस्तुमान लांबीच्या रूपात मांडण्याची पद्धत आहे. त्यातील प्रत्येक मीटर म्हणजे सुमारे १.३५ गुणिले १० चा २७ वा घात इतके किलोग्रॅम, जे गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या दोनतृतीयांशाहून थोडे अधिक भरते.

उदाहरणादाखल १०० मीटर त्रिज्या, १ मीटर जाडीची भिंत आणि प्रकाशाइतकाच वेग घेऊ. शंभराचा वर्ग दहा हजार, त्याला १२ ने भागले की ८३३ मीटर येतात, आणि त्यांचे रूपांतर केले की सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून थोडी अधिक अशी ऋण ऊर्जा लागते. वेग दसपट केला तर ती शंभरपट होऊन सुमारे ५६ सूर्यांइतकी होते. त्रिज्या कमी करून पाहावी, भिंत जाड करून पाहावी. आकडा झपाट्याने बदलतो. ‘अमुक संशोधकांनी ऊर्जेची गरज कोट्यवधी पटींनी घटवली’ अशी बातमी आली की बहुधा याच दोन-तीन राशींशी किंवा बुडबुड्याच्या आकाराशी खेळून ती घट साधलेली असते. ख्रिस व्हॅन डेन ब्रॉक यांनी १९९९ साली बाहेरून अतिसूक्ष्म आणि आतून प्रशस्त अशी भूमिती सुचवली आणि गरज काही सूर्यांच्या वस्तुमानापर्यंत खाली आणली. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधील हॅरॉल्ड व्हाइट यांनी जाड कड्याच्या आकाराची रचना सुचवून गुरूएवढ्या वस्तुमानावरून काहीशे किलोग्रॅमपर्यंत उतरण्याचा अंदाज मांडला. परिमाणातील अशी घट लक्षवेधी असते, परंतु चिन्ह ऋणच राहत असेल, तर खरी अडचण होती तेथेच आहे असे समजावे.

ऋण ऊर्जा कोठून येणार

ऋण ऊर्जेची कल्पनाच मुळात वेडगळ आहे, असेही समजू नये. जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉयल यांनी १९६० च्या दशकात स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धांतासाठी मांडलेले निर्मिती-क्षेत्र ऋण ऊर्जेचेच होते. नव्या द्रव्याच्या निर्मितीचा जमाखर्च त्या क्षेत्रामुळे जुळत असे. गंभीर भौतिकशास्त्रात अशा क्षेत्रांचा विचार झालेला आहे आणि त्यांच्यावरील मुख्य आक्षेपही जुना आहे: ऋण ऊर्जेला खालची मर्यादा नसेल, तर निर्वात अवस्था स्थिर राहू शकत नाही.

प्रयोगात मोजता येणारे उदाहरण म्हणजे हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ साली भाकीत केलेला परिणाम. दोन आदर्श वाहक पाट्या अगदी जवळ ठेवल्या की त्यांच्यामधील निर्वाताची ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी होते आणि पाट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. १९९७ साली स्टीव्ह लॅमोरॉ यांनी हे बल नेमकेपणाने मोजले. आता परिमाण पाहावे. पाट्यांमध्ये १ मायक्रोमीटर अंतर असेल, तर प्रत्येक घनमीटरमागे ऋण ऊर्जा एका जूलच्या दोन-हजारांशाहूनही कमी भरते. शिवाय पाट्यांचे स्वतःचे धन वस्तुमान त्याच्या अब्जाच्या अब्ज पटींहूनही अधिक असते, त्यामुळे संपूर्ण उपकरणाची ऊर्जा धनच राहते. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाशी याची तुलना केली की दरी किती आहे ते कळते.

दरी केवळ अभियांत्रिकीची असती तर भविष्यावर हवाला ठेवता आला असता. पण लॅरी फोर्ड आणि टॉम रोमन यांच्या संशोधनातून क्वांटम सिद्धांताने घातलेला एक निर्बंध पुढे आला: ऋण ऊर्जा जितकी तीव्र, तितकाच कमी काळ आणि तितक्याच अरुंद जागेत ती टिकू शकते. मायकेल फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ साली हा निर्बंध अल्कुबिएरे यांच्या बुडबुड्याला लावला. भिंतीची जाडी प्लांक लांबीच्या साधारण शंभरपटीपेक्षा जास्त असू शकत नाही, असे उत्तर आले. प्लांक लांबी म्हणजे सुमारे १.६ भागिले १० चा ३५ वा घात, इतके मीटर. वरच्या हिशेबात १ मीटरऐवजी ही जाडी घालून पाहावी: १०० मीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी संपूर्ण दृश्य विश्वाच्या वस्तुमानाच्या सुमारे दहा अब्ज पट ऋण ऊर्जा लागते. या विषयातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. नव्या दाव्याने क्वांटम निर्बंधाची दखल घेतली आहे का, हे त्यामुळे आवर्जून शोधावे. दखलच नसेल, तर दिलेली ऊर्जा केवळ गणिती संख्या आहे असे मानावे.

‘केवळ धन ऊर्जा’ असे म्हटले असेल तर

अलीकडचे अनेक दावे येथूनच सुरू होतात, म्हणून येथे घाई करू नये. २०२१ साली एरिक लेंट्झ यांनी प्रकाशाहून वेगवान, तरीही धन ऊर्जेवर चालणाऱ्या भूमितीचा प्रस्ताव मांडला आणि त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: धन ऊर्जा कोणत्या निरीक्षकाला दिसते? सापेक्षतेत ऊर्जेची घनता निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते. एका निवडक गटातील निरीक्षकांना सर्वत्र धन ऊर्जा दिसली, तरी त्याच ठिकाणावरून वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाला ती ऋण दिसू शकते. म्हणून अट सर्व निरीक्षकांसाठी, आणि शेवटी प्रकाशकिरणांच्या दिशेनेही, पाळली गेली पाहिजे. प्रकाशकिरणांपुरत्या या अटीला शून्य-ऊर्जा अट (इंग्रजीत ‘नल एनर्जी कंडिशन’; ऊर्जा शून्य असावी असा तिचा अर्थ नाही) म्हणतात, आणि ठिकठिकाणी लावल्या जाणाऱ्या नेहमीच्या ऊर्जा-अटींत ती सर्वांत सौम्य आहे. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली मांडलेल्या समीकरणाशी तिचे घट्ट नाते आहे: अट पाळली गेली, तर गुरुत्वाकर्षण प्रकाशकिरणांना एकवटते, फाकवत नाही. वार्पच्या बुडबुड्याला मात्र मागील बाजूस किरण फाकवावे लागतात.

जेसिका सँटियागो, सेबास्टियन शुस्टर आणि मॅट व्हिसर यांनी दाखवून दिले की अल्कुबिएरे, नातारिओ आणि लेंट्झ यांच्या भूमिती ज्या मोठ्या वर्गात मोडतात, त्या वर्गातील बुडबुडे ही सौम्य अटही मोडतात. जोझे नातारिओ यांनी २००२ साली अवकाशाचे आकुंचन-प्रसरण मुळीच न होणारा बुडबुडाही रचून दाखवला होता, त्यामुळे ‘पुढे आकुंचन, मागे प्रसरण’ हे चित्र लोकप्रिय असले तरी अनिवार्य नाही. पण ऋण ऊर्जेतून त्यालाही सुटका नव्हती. केन ओलम यांनी तर १९९८ सालीच प्रकाशाहून जलद पोहोचण्याची नेमकी व्याख्या करून, त्यासाठी ऋण ऊर्जा अटळ आहे असे सिद्ध केले होते.

याच्या दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. २०२१ साली अलेक्से बॉब्रिक आणि जियानी मार्टिर यांनी प्रकाशाहून कमी वेगाचे, साध्या धन द्रव्याचे बुडबुडे शक्य असल्याचे मांडले. त्याच दिशेने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात १० मीटर आतील आणि २० मीटर बाहेरील त्रिज्येचे द्रव्याचे कवच घेतलेले आहे. संख्यात्मक पडताळणीत ते ऊर्जेच्या साऱ्या अटी पाळते. मात्र त्या कवचाचे वस्तुमान गुरूच्या दुपटीहून अधिक आहे, ते स्थिर वेगाने जाते, त्याचा वेग कसा वाढवायचा हा प्रश्न मोकळा आहे, आणि तो वेग प्रकाशाहून बराच कमी आहे. हे काम मला मोलाचे वाटते, कारण त्याने कल्पनेला ज्ञात द्रव्याच्या हद्दीत आणले. पण बातमीत त्याच्यामागे ‘प्रकाशाहून वेगवान’ हे विशेषण जोडलेले दिसले, तर ते विशेषण तेवढे खोडून वाचावे.

सुकाणू कोणाच्या हाती

ऊर्जेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी वेग प्रकाशाच्या पुढे गेला की बुडबुड्याच्या पुढील भिंतीच्या आत एक क्षितिज तयार होते. यानातून पुढे पाठवलेला संकेत त्या क्षितिजापलीकडे, भिंतीच्या बाहेरील भागापर्यंत पोहोचू शकत नाही. याचा अर्थ असा की यानातील माणसांना तो बुडबुडा सुरू करता येणार नाही, वळवता येणार नाही आणि थांबवताही येणार नाही. सर्गेई क्रास्निकोव्ह यांनी १९९० च्या दशकात या अडचणीकडे लक्ष वेधले आणि त्यावर एक पर्याय सुचवला: आधी प्रकाशाहून कमी वेगाने जाऊन वाटेतला अवकाशकाल बदलत न्यावा आणि परतताना त्या तयार मार्गाचा उपयोग करावा. पहिला प्रवास त्यामुळे जलद होत नाही, आणि ऋण ऊर्जा त्या मार्गालाही लागते. नव्या निबंधात बुडबुडा ‘दिलेला आहे’ असे मानून सुरुवात केली असेल, तर तो निर्माण कोणी आणि कोठून केला, हा प्रश्न अनुत्तरित आहे अशी नोंद करावी.

आणखी दोन धोके थोडक्यात पाहू. स्टेफानो फिनात्सी, स्टेफानो लिबेराती आणि कार्लोस बार्सेलो यांनी २००९ साली दाखवले की प्रकाशाहून वेगवान बुडबुड्याच्या क्षितिजापाशी हॉकिंग प्रारणासारखे, म्हणजे कृष्णविवराच्या क्षितिजापाशी अपेक्षित असलेल्या प्रारणासारखे, प्रारण निर्माण होते आणि पुढील भिंतीपाशी ऊर्जा घातांकी दराने साचत जाऊन बुडबुडा अस्थिर होतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली वाटेतील कणांचा मागोवा घेतला. ते पुढील भागात अडकून पडतात आणि बुडबुडा थांबताच प्रचंड ऊर्जेने पुढे फेकले जातात, म्हणजे प्रवासाच्या अखेरीस मुक्कामाचे ठिकाणच भाजून निघू शकते.

कार्यकारणभावाची कसोटी त्याहून मूलभूत आहे. ॲलन एव्हरेट यांनी १९९६ साली दाखवले की एकमेकांच्या सापेक्ष गतिमान असलेल्या दोन संदर्भचौकटींमध्ये असे दोन बुडबुडे योग्य रीतीने वापरले, तर प्रवासी निघण्यापूर्वीच परत येऊ शकतो. म्हणजे प्रकाशाहून वेगवान प्रवास जिथे हवा तिथे, हवा त्या दिशेने करता येत असेल, तर कालप्रवासही त्यासोबत येतो. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली निसर्ग भूतकाळात परत नेणारी अशी कालवर्तुळे घडू देत नाही असे अनुमान मांडले. ते अजून सर्वसाधारण रूपात सिद्ध झालेले नाही. दावेदाराने या प्रश्नाला कोणते उत्तर दिले आहे ते वाचावे. पसंतीची एखादी संदर्भचौकट मानून कालप्रवास टाळता येतो, परंतु मग सापेक्षतेचा पायाच बदलल्याचे मान्य करावे लागते.

‘प्रयोगशाळेत बुडबुडा तयार झाला’ असे वाचले तर

येथे मापन झाले की गणन झाले, एवढेच तपासावे. २०२१ साली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘युरोपियन फिजिकल जर्नल सी’ मध्ये आला. मायक्रोमीटर आकाराच्या कॅसिमिर रचनेतील ऊर्जा-घनतेचे संगणकीय वितरण अल्कुबिएरे यांच्या भूमितीला लागणाऱ्या वितरणासारखे दिसते, असे त्यात म्हटले होते. काही बातम्यांनी त्याचे रूपांतर ‘वार्प बुडबुडा निर्माण झाला’ असे केले. निबंधात रचना बांधून कोणतीही गती मोजलेली नव्हती, आणि आकृतीत साम्य दिसले म्हणून तेथे अवकाशकाल त्याप्रमाणे वाकला असे ठरत नाही.

ज्यांना गणनाची सवय आहे, त्यांनी ‘वार्प फॅक्टरी’ हे मुक्त उपलब्ध साधन वापरून पाहावे. मॅटलॅब या गणनाच्या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या या साधनात भूमिती भरली की ऊर्जेच्या विविध अटी ठिकठिकाणी तपासता येतात. अल्कुबिएरे यांची भूमिती प्रथम भरावी, ऋण पट्टा भिंतीत कोठे आणि कसा पडतो ते पाहावे, आणि मगच नव्या निबंधातील भूमितीकडे वळावे.

निरीक्षणाचीही एक वाट आहे. केटी क्लाफ, टिम डिट्रिख आणि सेबॅस्टियन खान यांनी २०२४ साली वार्प बुडबुडा कोसळला तर कोणत्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातील तरंग, निघतील, याचे संगणकीय अनुकरण केले. सुमारे १ किलोमीटर आकाराच्या बुडबुड्यासाठी लहरींची वारंवारता काहीशे किलोहर्ट्झ येते. लायगोसारखे शोधक साधारण १० हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंतच संवेदनशील आहेत, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडियाचा पट्टाही तोच असेल. आकार वाढला की वारंवारता त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे या शोधकांच्या टप्प्यात यायला बुडबुडा निदान शंभरेक किलोमीटरचा असावा लागेल. त्याहून लहान बुडबुड्यांसाठी उच्च वारंवारतेचे वेगळे शोधक लागतील.